दिवाळी फराळाच्या साइटचं रुपयांतलं पान भारतात आणि पौंडांतलं पान लंडनमध्ये दिसावं, हे गूगलला कसं सांगायचं?

तुमच्याकडे तीन पानं आहेत: एक मराठी आणि दोन इंग्रजी, त्यातलं एक रुपयांचं, एक पौंडांचं. लंडनच्या गिऱ्हाइकाला रुपयांचं उघडतं ही तक्रार. वेबसाइट बनवून देणं हाच माझा धंदा आहे आणि या खड्ड्यात मी स्वतः पडलोय, म्हणून लिहितो.

भाषा आणि देश या दोन वेगळ्या गोष्टी. भाषा ओळखायला गूगल पानावर दिसणारा मजकूर वाचतं; कोडमध्ये 'भाषा मराठी' लिहिल्याचा त्याला उपयोग नाही. (मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन बिंग मात्र कंटेंट-लँग्वेज हा मेटा टॅग, म्हणजे कोडमधली वाचकाला न दिसणारी ओळ, बघतं; तेवढा टाकून ठेवा.) तेव्हा मराठी पानावर मेनू आणि बटणंसुद्धा मराठीतच हवीत. चकलीबद्दल दोन ओळी मराठी आणि खाली हातभर इंग्रजी अटी, असं नको.

देशासाठी डॉट इन घेतलंत तर साइटवर भारताचा शिक्का बसतो. तुमचं डॉट कॉम आहे ते बरंय, त्यातच वेगवेगळे फोल्डर करा. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात देश निवडायची सोय होती, ती 2022 मध्ये बंद झाली. जुने व्हिडिओ अजून ती शोधायला लावतात, वेळ घालवू नका.

खरं काम एचरेफलँगचं (hreflang), म्हणजे कुठलं पान कुठल्या भाषेसाठी आणि देशासाठी हे सांगणाऱ्या टॅगचं. गूगलने हा टॅग 2011 मध्ये आणला. प्रत्येक पानावर त्याचा स्वतःचा आणि बाकीच्या पानांचे पत्ते द्यायचे आणि पुढे भाषा-देश असा कोड लिहायचा. तुमच्यासाठी एमआर (मराठी), ईएन-आयएन (भारतासाठी इंग्रजी) आणि ईएन-जीबी (ब्रिटनसाठी इंग्रजी). मी पहिल्यांदा काय लिहिलं होतं माहितीये? एमआर-एमएच! गाडीच्या पाटीवर एमएच 12 बघून बघून डोक्यात तेच. पण देशांच्या यादीत एमएच म्हणजे मार्शल आयलंड्स, पॅसिफिक महासागरातली बेटं. म्हणजे तिथल्या मराठी माणसांसाठी मी पान राखून ठेवलं होतं. राज्य सांगायची यात सोयच नाही. तशीच दुसरी चूक यूकेची: ब्रिटनचा कोड जीबी आहे, आणि नुसतं यूके लिहिलंत तर ती युक्रेनियन भाषा होते.

हे दुवे दोन्ही बाजूंनी हवेत. रुपयांचं पान पौंडांच्या पानाचं नाव घेतं, पण पौंडांचं पान उलट नाव घेत नसेल, तर गूगल ती जोडी धरत नाही. बाकीच्या देशांसाठी कोडच्या जागी एक्स-डिफॉल्ट लिहायची सोय आहे, त्यात पौंडांचं पान द्या.

आयपी, म्हणजे इंटरनेट जोडणीचा पत्ता, बघून गिऱ्हाइकाला परस्पर दुसऱ्या पानावर ढकलू नका. गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो; त्यालाही ढकललंत तर रुपयांचं पान तो बघणारच नाही. वर 'भारत / ब्रिटन' अशी साधी लिंक पुरते.

एवढं करण्याआधी मात्र पौंडांच्या पानाचा सोर्स (कोड) उघडून कॅनॉनिकल टॅग बघा; सारख्या पानांतलं मुख्य कुठलं, हे तो गूगलला सांगतो. त्यात रुपयांच्या पानाचा पत्ता असेल, तर 'खरं पान ते, हे नव्हे' असं तुम्हीच सांगताय. ऑनलाइन दुकानाच्या तयार थीममध्ये हे कधीकधी सापडतं, आणि तुमच्याकडेही मला आधी तोच संशय येतोय.