रात्रीतून अकरा वेळा

कळव्याच्या मेडिकल कॉलेजात थर्ड मायनरला (एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला) असलेल्या मुलीचे वडील लिहितात : 'पोरीला आता यंत्रं बनवायची आहेत. पीजीची 'नीट' प्रवेश परीक्षा देणार नाही म्हणते. एमबीबीएस सोडून इंजिनीअरिंगला जाऊ का, असंही विचारते. घरात रोज वाद. काय करावं?'

नमस्कार,

तुमच्या पत्रापेक्षा सोबतचा तिच्या वहीच्या पानाचा फोटोच मी जास्त वेळ पाहत बसलो. तान्ह्या बाळाच्या पायाला सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारा प्रोब. बाळ पाय झाडतं, प्रोब निसटतो, मशीन कोकलतं, सिस्टर पुन्हा मायक्रोपोरची चिकटपट्टी गुंडाळतात. घट्ट बांधला तर कातडीवर वळ. शेजारी तिनं मोज्यासारखं काहीतरी काढलंय आणि खाली लिहिलंय, 'रात्रीतून अकरा वेळा'. पोरीनं चक्क मोजलंय! इंजिनीअर कितीही हुशार असो, रात्री दोनला तो वॉर्डात नसतो.

म्हणून एमबीबीएस सोडायचं नाही. साडेचार वर्षं आणि वर्षाची इंटर्नशिप, सगळं पूर्ण. पीजीचं इंटर्नशिपमध्ये बघू, आत्ता त्यावरून भांडू नका. पुढे वाट आहेच : आयआयटी खरगपूरला एमबीबीएस झालेल्यांसाठी वैद्यकशास्त्र आणि तंत्रज्ञानाचा तीन वर्षांचा मास्टर्स आहे. 'डॉक्टरकी वाया' म्हणणाऱ्या पाहुण्यांना डॉ. वलियाथन यांचं नाव सांगा. हृदयाचे सर्जन, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत इंजिनीअरांना सोबत घेऊन त्यांनी हृदयाची देशी झडप उभी केली. आधीची तीन मॉडेलं फसली, चौथं डिसेंबर १९९० मध्ये रुग्णाला बसवलं. इतका दम लागतो, आणि कमाई वर्गमित्रांपेक्षा उशिरा सुरू होईल, हे तिला स्पष्ट सांगा. घरावर कर्ज असेल तर तेही सांगा. लपवून उपयोग नाही.

सध्या दोनच कामं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची संशोधनाची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप असते. गाइड आपल्याच कॉलेजातला लागतो, तेव्हा आधी बालरोगाच्या मॅडमना गाठायचं. दुसरं, पवई. कळव्याहून स्लो लोकलनं कांजूरमार्ग, पुढे रिक्षा. आयआयटी मुंबईतलं बेटिक केंद्र २०१४ पासून डॉक्टर आणि इंजिनीअरांना एकत्र बसवून उपकरणं घडवतंय. तिथं मेल करताना मार्कशीट नको, वहीचं हे पान जोडायचं.

फक्त पानाच्या कोपऱ्यात बेड नंबर आणि बाळाच्या आईचं नाव दिसतंय. पाठवण्याआधी तेवढं खोडायला सांगा.