प्रशिक्षक गेले, मुलानं विद्यापीठ बदलावं का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा एका मोठ्या विद्यापीठात शिष्यवृत्तीवर कॉलेजचं अमेरिकन फुटबॉल खेळतो. लाइनबॅकर आहे, म्हणजे बचावात पुढच्या रांगेच्या मागे उभा राहणारा. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष चालू आहे. पहिलं वर्ष रेडशर्ट म्हणून गेलं (संघात राहून, पण न खेळता, म्हणजे खेळायचं एक वर्ष शिल्लक राहतं), नंतरचे दोन हंगाम बहुतेक राखीव म्हणूनच. गेल्या हंगामाच्या शेवटी कुठे जरा मैदानावर दिसायला लागला होता. जानेवारीच्या शेवटी मुख्य प्रशिक्षक दुसऱ्या विद्यापीठात गेले आणि ज्यांनी याला शाळेत असताना हेरलं, ते लाइनबॅकर्सचे प्रशिक्षकही त्यांच्याबरोबर गेले. परवा नव्या मुख्य प्रशिक्षकांचं नाव जाहीर झालं. याचे बाबा म्हणतात, ट्रान्सफर पोर्टलमध्ये (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव घाल आणि जुन्या सरांच्या मागे जा. सर मध्यस्थामार्फत निरोप पाठवतात की पैसेही चांगले मिळतील. मुलगा म्हणतो, ‘मला डिग्री हीच हवी, पण आणखी दोन वर्षं बाकावर बसायचं नाही.’ माझा जीव त्याच्या अभ्यासात अडकलाय. नाव घातलं आणि कुठे जमलं नाही, तर परत येता येतं का?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी इथल्या एका विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासाचं नियोजन बघते, त्यामुळे प्रशिक्षक गेल्यानंतरच्या आठवड्यातली मुलं अगदी जवळून बघितली आहेत. टेबलापलीकडे बसतात, फोन पालथा ठेवतात आणि तो दर मिनिटाला थरथरतो. प्रत्येक जण सांगतो, लवकर ठरव. माझं मत याच्या उलट आहे : तुमच्या मुलाला अजून वेळ आहे आणि तो त्यानं पुरेपूर वापरावा.

आधी तारखा समजून घ्या. फुटबॉलसाठी आता वर्षातून एकदाच पोर्टल उघडतं, 2026मध्ये 2 ते 16 जानेवारी. एप्रिलमधली दुसरी खिडकी, म्हणजे नाव घालायची मुदत, बंद झाली. पण मुख्य प्रशिक्षक बदलला तर वेगळी सवलत असते : नव्या प्रशिक्षकांचं नाव जाहीर झाल्यानंतर पाच दिवसांनी सुरू होणारे 15 दिवस. पूर्वी जुने प्रशिक्षक गेल्यापासून 30 दिवस मोजायचे, त्यामुळे कोण येणार हे कळायच्या आधीच मुलं निघून जायची. 2025च्या शरद ऋतूत हा नियम बदलला, ते फार बरं झालं. (सहायक प्रशिक्षक गेल्यानं ही खिडकी उघडत नाही, फक्त मुख्य प्रशिक्षक बदलल्यावरच उघडते.) मुलानं लेखी विनंती केली की विद्यापीठाला दोन कामकाजाच्या दिवसांत नाव पोर्टलमध्ये घालावंच लागतं. म्हणजे चौदाव्या दिवशी ठरवलं तरी चालतं. पहिल्या दिवशी ठरवायचं काही कारण नाही.

या काळात त्यानं नव्या मुख्य प्रशिक्षकांना आणि बचावफळीच्या समन्वयकांना भेटावं. ‘मला संधी मिळेल का’ असं विचारू नये. त्याला सगळेच हो म्हणतात. विचारावं की तुमच्या बचावात मैदानावर एका वेळी किती लाइनबॅकर असतात? चार-तीनच्या रचनेत तीन असतात, चार-दोन-पाचमध्ये दोनच. जागाच एकानं कमी होणार असेल तर तिथे रांगेत किती जण आहेत, हे त्याचं त्यालाच मोजता येईल. दुसरं विचारावं की जुन्या विद्यापीठातून तुमच्याबरोबर कोण कोण येतंय. नवा माणूस आपली मुलं आणतोच, आणि आता संघाची मर्यादा 105 खेळाडूंची आहे. डिसेंबर 2022मध्ये डियॉन सँडर्स मुख्य प्रशिक्षक म्हणून कोलोरॅडो विद्यापीठात आले, तेव्हा पहिल्याच बैठकीत त्यांनी असलेल्या खेळाडूंना पोर्टलची वाट दाखवली आणि पुढच्या काही महिन्यांत डझनांनी मुलं गेली. सगळीकडे असं होत नाही, पण नवे प्रशिक्षक कोणत्या विचाराचे आहेत हे समोरासमोर बसल्यावर कळतं.

आता अभ्यास. याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण या गडबडीत सगळ्यांत आधी दुर्लक्ष होतं ते याकडेच.

खेळायला पात्र राहायचं तर चौथ्या वर्षात पाऊल टाकण्याआधी पदवीचा 60 टक्के भाग पूर्ण असावा लागतो. (तिसऱ्याआधी 40, पाचव्याआधी 80.) हे टक्के नव्या विद्यापीठाच्या पदवीचे मोजतात, जुन्या नव्हे. समजा पदवी 120 क्रेडिटची आहे, म्हणजे 72 हवेत. तुमच्या मुलाकडे मे महिन्यापर्यंत 80 असतील. कागदावर तो निर्धास्त दिसतो. पण नव्या विद्यापीठानं त्यातले 18 इंजिनिअरिंगसाठी धरलेच नाहीत, तर राहिले 62, आणि मुलगा अपात्र.

हे कसं होतं ते सांगते. आमच्याकडे असाच एक मुलगा दुसरीकडून आला होता. तिथे स्टॅटिक्स आणि डायनॅमिक्स मिळून एकच विषय होता, आमच्याकडे दोन वेगळे. जुन्या विषयांच्या मूल्यमापनाच्या कागदावर त्या विषयापुढे शेरा आला : ‘ऐच्छिक’. थर्मोडायनॅमिक्सपुढेही तेच. क्रेडिट मिळाले, पण पदवीत लागले नाहीत. ऑगस्ट तोंडावर आलेला, त्याला खेळायला पात्र ठरवायचं होतं, म्हणून विषय बदलून त्याला जनरल स्टडीजमध्ये टाकलं. तो खेळला, चांगला खेळला. पण त्याला इंजिनिअर व्हायचं होतं, आणि ते त्या दुपारी एका सहीनिशी संपलं. मला याचा आजही त्रास होतो.

म्हणून सोमवारी मुलानं त्याच्या सल्लागाराकडून डिग्री ऑडिट (पदवीचं काय झालं, काय राहिलं याचा तक्ता) आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम काढून ठेवावा. पोर्टलमध्ये गेलाच, तर कुठल्याही विद्यापीठाला हो म्हणण्याआधी तिथल्या इंजिनिअरिंग विभागाचं लेखी मूल्यमापन मागावं. फुटबॉल ऑफिसमधून ‘सगळं होईल’ असं सांगतात ते धरू नये. आणि काहीही झालं तरी हे सेमिस्टर सोडायचं नाही. प्रत्येक सत्रात किमान सहा क्रेडिट पास व्हावे लागतात, आणि बदली झाल्यावर लगेच खेळायचं तर जुन्या विद्यापीठातून अभ्यासात पात्र राहूनच बाहेर पडावं लागतं. एप्रिल 2024पासून कितीही वेळा बदली करता येते, पण ही अट कायम आहे.

सेमिस्टरचा आणखी एक मुद्दा बाबांना सांगा. फेब्रुवारीत नाव घातलं तरी बहुतेक विद्यापीठांत आता प्रवेश मिळणार नाही, सत्र केव्हाच सुरू झालंय. ओरेगॉन, वॉशिंग्टन, यूसीएलए अशा तिमाही पद्धतीच्या ठिकाणी मार्चअखेरीस जाता येतं; बाकी ठिकाणी उन्हाळ्यातच. म्हणजे इथल्या वसंतातल्या सरावातून नाव कापलं जाणार आणि तिथल्या सरावाला पोचता येणार नाही. नियमाप्रमाणे वसंतात 15 सराव असतात. दुसऱ्या फळीतल्या मुलाला क्रम बदलायची खरी संधी तिथेच असते. शिवाय नवे प्रशिक्षक कोऱ्या पाटीनं बघत असतात. जुन्या क्रमवारीचं त्यांना काही देणंघेणं नसतं.

सरांच्या मागे जावं का? कधी कधी ते फार छान जमतं. मुख्य प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी 2023च्या अखेरीस जेम्स मॅडिसन विद्यापीठातून इंडियाना विद्यापीठात गेले, तेव्हा डझनभर खेळाडू त्यांच्याबरोबर गेले. त्यातला एडन फिशर तुमच्या मुलासारखाच लाइनबॅकर. आदल्या हंगामात तीन सामने जिंकलेल्या इंडियानाच्या संघानं 2024मध्ये अकरा जिंकले. पण फिशर जेम्स मॅडिसनला आधीच मुख्य संघात होता, आणि बचावाचे समन्वयकही सोबत गेले होते. तीच रचना, मैदानावरचे तेच इशारे. तुमच्या मुलाला त्याच सरांनी दोन हंगाम मागे ठेवलं होतं. ते त्याला ओळखतात, तरीही खेळवलं नव्हतं. हे मी कठोरपणे म्हणत नाही. पण नव्या ठिकाणी काय बदलणार, हे त्यांनी नेमकं सांगायला हवं. उलट उदाहरण केलेब डाउन्स या खेळाडूचं. मुख्य प्रशिक्षक निक सेबन जानेवारी 2024मध्ये निवृत्त झाल्यावर तो अलाबामाहून ओहायो स्टेटला गेला. कुणाच्या मागे म्हणून नव्हे, तर तिथला संघ आणि आपली जागा बघून. पुढच्या जानेवारीत तो राष्ट्रीय विजेत्या संघात होता.

पैशांबद्दल थोडक्यात. जून 2025मध्ये ‘हाउस’ नावाच्या खटल्यात झालेल्या समझोत्यानंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची कमाल मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. यातला मोठा वाटा मुख्य संघातल्या खेळाडूंना जातो. आकडा करारात नसेल तर तो नाहीच असं समजा. पैसे विद्यापीठ देणार की बाहेरची कंपनी, हेही बघा, कारण 600 डॉलरच्या वरचे बाहेरचे करार मंजुरीसाठी दाखवावे लागतात. मध्येच सोडल्यास परत काय द्यावं लागेल, ते कलम वकिलाला वाचायला द्या. आणि मिळेल त्यावर आयकर आहे.

परत येता येतं का? नियमानं येतं, पण विद्यापीठाची इच्छा असेल तरच. केडिन प्रॉक्टर हा खेळाडू जानेवारी 2024मध्ये अलाबामा सोडून आपल्या राज्यात, आयोवाला गेला आणि दोन-तीन महिन्यांत परत आला. पुन्हा लेफ्ट टॅकल (आक्रमणाच्या फळीतली एक जागा) म्हणून खेळलाही. पण तो पहिल्याच वर्षी मुख्य संघात खेळलेला मुलगा होता, त्याच्यासाठी दार उघडं राहिलं. राखीव खेळाडूनं तसं धरून चालू नये. पोर्टलमध्ये नाव गेलं की चालू सत्राच्या शेवटी शिष्यवृत्ती थांबवायला विद्यापीठ मोकळं होतं. राहिला, तर मात्र त्याचं पारडं जड आहे : मोठ्या परिषदांमध्ये (विद्यापीठांच्या स्पर्धागटांमध्ये) 2015पासून केवळ खेळ कमी पडला म्हणून शिष्यवृत्ती काढून घेता येत नाही. तुमच्या मुलाची परिषद त्यात आहे का, हे विद्यापीठाच्या अनुपालन कार्यालयात (खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या) विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर त्यानं वसंतातला सराव इथेच करावा. नव्या प्रशिक्षकांनी ‘तुझ्यासाठी जागा नाही’ असं स्पष्ट सांगितलं, तरच पंधरा दिवसांच्या आत नाव घालावं. वसंतानंतर वाटलं की इथे जमत नाही, तर पुढची खिडकी जानेवारीत आहे. तोवर पदवीचा मोठा भाग संपलेला असेल, आणि खेळायचं एक वर्ष हातात राहील. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन शेवटच्या वर्षी दुसरीकडे पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून खेळणारी मुलं मी बघितली आहेत. त्यांच्या टक्क्यांचा प्रश्नच मिटलेला असतो.

आणि ते निरोप. नाव पोर्टलमध्ये नसताना दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांनी संपर्क करणं नियमाबाहेर आहे, मग तो मध्यस्थामार्फत का असेना. बाबांनी त्या माणसाशी आकड्यांची बोलणी करू नयेत. मुलानं एवढंच सांगावं : ‘सरांना माझा नमस्कार सांगा. नाव घातलं तर मीच फोन करेन.’