गिअरबॉक्सच्या तेलात पाणी आलं कुठून?

प्रश्न : आमची गाडी सात वर्षांची आहे. पेट्रोल, टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) ऑटोमॅटिक. महिनाभरापासून ५०-६० च्या वेगाला, अॅक्सिलरेटरवर पाय हलका असला की थरथरते. गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं तेल दुधाळ गुलाबी निघालं. ‘गाडी पुरात बुडाली होती का?’ असं विचारतात. आमच्या भागात पुराचं पाणी येत नाही आणि गाडी आम्ही नवीच घेतली होती. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी) मात्र दोन-तीनदा भरावं लागलं. आता ‘तेल बदलून बघू’ म्हणतात. बदलू का?
— एक शिक्षिका, मिरज

उत्तर : ताई, एवढ्यात तेल बदलू नका आणि गाडीही चालवू नका. पाणी कुठून येतंय हे कळण्याआधी ओतलेलं नवं तेल चार दिवसांत पुन्हा तसंच होईल.

२०१९ च्या महापुरानंतर आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे असं तेल दिसलं की पहिला संशय पुरावरच जातो. त्यात चूक नाही. गिअरबॉक्सला हवा जा-ये करण्यासाठी वरच्या बाजूला ब्रीदर असतो. तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. पण अशा गाडीत इतरही खुणा सापडतात : स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, सीटच्या पट्ट्यांना गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढला की चिखलाची रेघ. तुमच्याकडे यातलं काही नसेल, तर कमी होणाऱ्या कूलंटकडेच बघायला हवं.

बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला कूलंट, मध्ये पातळ पत्रा. तो कुजला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. इंजिन चालू असताना तेलाचा दाब बहुधा जास्त असतो, म्हणून तेल कूलंटमध्ये जातं. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब लगेच उतरतो, पण तापलेल्या कूलंटचा दाब बराच वेळ टिकतो. मग कूलंट गिअरबॉक्सकडे जातं, म्हणजे नेमकं गाडी घरी उभी असताना.

गाडी पूर्ण थंड झाल्यावर कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. वर तेलकट साय किंवा कडेला गुलाबी चिकटा दिसला, तर संशय जवळजवळ पक्का. मात्र टाकी स्वच्छ दिसली म्हणून कूलर निर्दोष ठरत नाही. मेकॅनिकला रेडिएटरवरचे तेलाचे दोन्ही पाइप काढायला सांगा आणि हातपंपाने कूलंटच्या बाजूला झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्यायला लावा. पाइपांच्या तोंडातून कूलंट ठिबकलं की वाद संपला. काही गाड्यांत कूलर गिअरबॉक्सवरच असतो, तपासणी तीच.

तेलाचीही एकदा खात्री करा. पातळी जास्त झाली तर तेलात हवा घुसळली जाते आणि तेही फिकट, फेसाळ दिसतं. काचेच्या बाटलीत नमुना तासभर ठेवा. फेस असेल तर विरून तेल स्वच्छ होईल. पाणी असेल तर रोझ मिल्कसारखं गढूळच राहील. गॅरेजमध्ये गरम तव्यावर एक थेंब टाकतात, पाणी असलं की तडतडतं. तोंड लांब ठेवूनच करायचं. पण पाणी पावसाचं की कूलंटचं हे तव्यावर कळत नाही. विम्याचा वाद असेल तर नमुना तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा. ग्लायकॉल हे कूलंटमधलं रसायन सापडलं तर ते कूलंटच. (सीव्हीटी या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकचं तेल हिरवटही असतं, तिथे गुलाबी रंग शोधू नका, गढूळपणा बघा. एएमटीत, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत, तर साधं गिअर ऑइल असतं.)

आता कटू भाग. क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदी असतं, गोंदाने चिकटवलेलं. ते पाणी शोषून फुगतं, आणि ग्लायकॉल गोंद सोडवतं. तुमची गाडी थरथरते आहे, म्हणजे बहुधा टॉर्क कन्व्हर्टरच्या आतल्या क्लचला झळ लागली आहे. लक्षणं नसताना, गाडी फारशी न चालवता हे सापडलं असतं, तर नवा रेडिएटर बसवून आणि तेल तीन-चार वेळा बदलून वाचण्याची आशा होती. कारण एका वेळी खालून निम्मंच तेल निघतं, बाकी कन्व्हर्टर, कूलर आणि पाइपांत राहतं. तुमच्या बाबतीत गिअरबॉक्स उघडून प्लेटा बघायला सांगा. कन्व्हर्टर धुऊन भागवू देऊ नका. तो बदलावा, नाहीतर कापून नव्याने बांधून घ्यावा. रेडिएटर बदलल्याशिवाय यातलं काहीही बसवायचं नाही.

गाडी हलवताना फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रकच, बोलवा. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही. इंजिनाची ताकद ज्यांना मिळते ती चाकं जमिनीवर ठेवून गाडी ओढली तर उरलेले भागही कोरडे घासतील.