सिग्नलला उभे राहिले की दिवे मंदावतात

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी 11 वर्षांची आहे. संध्याकाळी सिग्नलला थांबल्यावर हेडलाइट, ए.सी. आणि मागच्या काचेचा हीटर चालू असला की दिवे मंदावतात. थोडी रेस दिली की पुन्हा उजळतात. बॅटरीवर मल्टिमीटर लावला. आयडलला (गाडी उभी, रेस न देता इंजिन चालू) सर्व बंद असताना 13.9 व्होल्ट, सर्व चालू केल्यावर 12.2 आणि इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर नेले की 14.0 व्होल्ट मिळतात. बॅटरी चार महिन्यांपूर्वीच बदलली आहे. मेकॅनिक म्हणतात, ‘डायनॅमो गेला, बदला.’ बदलावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्यात बदलू नये. आपण तिन्ही आकडे नोंदवलेत, त्यामुळे निम्मे निदान झालेच आहे. पूर्ण चार्ज बॅटरी इंजिन बंद आणि भार नसताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, त्याअर्थी 12.2 असताना अल्टरनेटर (मेकॅनिक ज्याला डायनॅमो म्हणतात, तो इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग) कमी पडतो आणि उरलेला भार बॅटरी ओढते. मात्र 2000 फेऱ्यांना तोच भार असूनही 14.0 मिळतात, म्हणजे रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग), जाड वायर आणि अर्थिंग यांवर संशय घेण्याचे फारसे कारण नाही. वायरीतला दोष असता तर तो तेथेही दिसला असता.

अल्टरनेटरवर लिहिलेले अँपिअर आयडलला मिळत नाहीत, बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपासच मिळतात. त्यामुळे प्रथम आयडलच्या फेऱ्या तपासाव्यात. ए.सी. लावल्यावर इंजिनाने त्या स्वतःहून किंचित वाढवायला हव्यात. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणाऱ्या भागात) काजळी साचली असेल, तर त्या उलट खाली येतात आणि खापर मात्र अल्टरनेटरवर फुटते. त्यानंतर इंजिन बंद करून बेल्ट पाहावा. आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल किंवा ताण सैल असेल, तर नेमका भार वाढल्यावर बेल्ट घसरतो, आणि तो प्रत्येक वेळी किंचाळतोच असे नाही.

या दोन्ही गोष्टी ठीक असतील, तरच अल्टरनेटरच्या आत शिरावे. सर्व भार चालू ठेवून मल्टिमीटर ए.सी. (इथे एअर कंडिशनर नव्हे, तर प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह) व्होल्टवर लावावा आणि आयडलला बॅटरीवरच मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर एखादा डायोड (अल्टरनेटरमधील ए.सी.चा डी.सी. करणारा भाग) निकामी झाला असण्याची दाट शक्यता आहे. असा अल्टरनेटर वेग वाढला की वेळ निभावून नेतो, आयडलला मात्र उघडा पडतो. आपल्या आकड्यांशी हे जुळतेही. या मोजणीआधी बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरून घ्यावी, कारण रिकामी बॅटरी स्वतःच बराच करंट खाते आणि आकडे फसवे येतात.

चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडते का’ हे पाहण्याची जुनी पद्धत कोणी सुचवली, तर ठाम नकार द्यावा. त्या क्षणी उसळणारा व्होल्टेज चांगले डायोड आणि इंजिनाचे कंट्रोल युनिटही जाळू शकतो. डायोडच दोषी निघाला, तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे डायोड प्लेट आणि कार्बन ब्रश बदलून घ्यावेत. बेअरिंग आवाज करत नसेल, तर अख्खा नवा अल्टरनेटर घेण्याची गरज बहुधा पडत नाही.