वडिलांना (वय ६६) १२ वर्षं बीपी आहे, आता ईसीजीत 'एएफ' (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरणं) निघालं. बीपीमुळे ठोके अनियमित होतात का?

होतात, फक्त त्याला वर्षं लागतात. जादा दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाचा खालचा डावा कप्पा जाड आणि ताठर होतो. ताठर कप्पा दोन ठोक्यांच्या मध्ये नीट सैल पडत नाही, त्यामुळे फुप्फुसांकडून आलेलं रक्त वरच्या डाव्या कप्प्यात तुंबतं. त्याची भिंत मुळात पातळ. ती ताणते, कप्पा फुगतो, स्नायूंत व्रणासारखे तंतू धरतात आणि विजेचा संदेश सरळ जायचं सोडून तिथेच घिरट्या घालतो. वरचे कप्पे मग मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला एव्ही नोड (विजेचे संदेश खाली सोडणारा नाका) त्यातले थोडेच संदेश खाली सोडतो, तेही बेताल. टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात 'एलए'चं, म्हणजे वरच्या डाव्या कप्प्याचं, माप बघा. साधारण ४ सेंमीच्या वर गेलं असेल तर कप्पा फुगला आहे.

बीपीसाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड (लघवी वाढवणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर पोटॅशियम तपासून घ्या. ते उतरलं की ठोके आणखी बिघडतात. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी). आणि ते जोरात घोरत असतील, झोपेत मध्येच श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांना न विसरता सांगा. हा मुद्दा घरोघरी राहून जातो.

घरचं मशीन एएफमध्ये दर वेळी वेगळा आकडा दाखवतं. मिनिटभराच्या अंतराने तीनदा मोजून सरासरी लिहा. नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा, १५ सेकंदांची चौपट इथे फसवते.

खरी भीती पक्षाघाताची. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं आणि गाठ मेंदूकडे जाऊ शकते. जोखमीच्या गुणांकनात बीपीचा १ आणि ६५ ते ७४ वयाचा १, म्हणजे त्यांचे २ गुण इथेच झाले. एवढ्यावर सहसा अ‍ॅपिक्साबॅन, डॅबिगॅट्रानसारखी रक्त साकळू न देणारी गोळी लागते. 'अ‍ॅस्पिरिन चालू आहे ना' हे उत्तर चालत नाही. मूत्रपिंडं कशी आहेत हे पाहून डॉक्टर डोस ठरवतील. ही गोळी सुरू असताना बीपी चढं राहिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून बीपीची गोळी तिच्यासोबत चालूच ठेवायची. १३०/८० च्या खाली ठेवायला बहुतेक डॉक्टर सांगतात.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर बीपी मोजत बसू नका, थेट सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.