डाखाचा गोळा का होतो?

प्रश्न : काकू, वर्षभर मी घरीच चांदीचे दागिने करते. ९२.५ टक्के चांदीचा पत्रा कापून लॉकेट बनवते. पण त्याला वर कडी जोडायला घेतली की डाखाचा (सांधा जोडायला वितळवतात त्या धातूचा) गोळा होऊन बसतो, नाहीतर उडी मारून कडीवर चढतो. परवा तर कडीच वितळली. जे नीट जोडलं जातं, त्यावर पॉलिशनंतर करडे-जांभळे डाग दिसतात. भाऊ म्हणतो, माझी सोल्डरिंग गन वापर. काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी भावाचं. त्याची गन त्याच्या सर्किटांनाच राहू द्या. शिसं-कथलाचा डाख दोनशे अंशांच्या आसपास वितळतो, सांधा कच्चा राहतो. आणि ते शिसं चांदीवर असताना पुढे कधी कुणी ज्योत मारली, तर ते चांदी खातं, खड्डे पाडतं. असा दागिना दुरुस्तीला आला की मी आधी ते सगळं कानशीने खरवडते. तेव्हा तोंडातून जे निघतं ते छापता येणार नाही.

आता गोळा. ताई, तुम्ही डाख तापवताय, लॉकेट नाही. चांदीइतकी उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाही. कोपऱ्यावर ज्योत धरलीत तर ऊब सगळ्या पत्र्यात पसरते आणि सांधा थंडच राहतो. डाखाचा तुकडा चिमुकला, तो लगेच वितळतो. पण खालची चांदी थंड, म्हणून तिला न धरता स्वतःभोवतीच गोळा होतो. त्यात कडी बारीक. ती पत्र्याच्या कितीतरी आधी लाल होते, आणि डाख नेहमी गरम बाजूला पळतो. म्हणजे तुमची उडीही तीच आणि वितळलेली कडीही तीच.

ज्योत मऊ, फुललेली ठेवा आणि लॉकेटभोवती गोल फिरवत राहा, कडीपासून लांब. टाकणखार (बोरॅक्स) सहाणेवर पाण्यात उगाळून सांध्याला लावलेला असेल. तो आधी पांढरा होऊन फुगतो आणि डाखाचा तुकडा ढकलतो. तेव्हा घाई करू नका, चिमट्याच्या टोकाने तुकडा जागेवर आणा. मग टाकणखार बसतो आणि काचेसारखा पारदर्शक होतो. तिथे समजायचं, आलं जवळ. आता ज्योत सांध्याकडे. डाख चमकून रेघेसारखा धावला की त्याच क्षणी ज्योत बाजूला. हे सगळं खिडकीतल्या उन्हात करू नका, चांदीचा मंद लाल रंग दिसतच नाही. मी दुपारीही पडदा ओढते.

झालेल्या गोळ्यावर पुन्हा पुन्हा ज्योत मारत बसू नका. डाखात चांदी-तांब्याबरोबर जस्त असतं, ते तापून तापून उडून जातं. उरलेला डाख मग आधीपेक्षा जास्त उष्णता मागतो, तोवर तुमची कडी जाते. गोळा काढा, घासा, नवा तुकडा लावा.

पण खरं सांगू? निम्मी चूक ज्योत पेटण्याआधीच झालेली असते. ठाण्यात चरईला आमच्या दुकानामागच्या खोलीत सासऱ्यांनी मला पहिले तीन महिने फुंकणी दिलीच नाही. नुसती कानस. जोडायचे दोन तुकडे ते एकमेकांना टेकवून ट्यूबलाइटसमोर धरायचे. मधून उजेड दिसला की न बोलता परत माझ्या हातात. डाख फट भरत नाही; घट्ट बसलेल्या सांध्यात तो आपणहून ओढला जातो. तुमची कडी गोल आहे आणि लॉकेटची कड सरळ, त्यामुळे ती एका बिंदूवरच टेकत असणार. कडीला कानशीने थोडी सपाट बैठक द्या. मग दोन्हीकडची चांदी बारीक पॉलिश पेपरने घासा आणि त्यानंतर बोट लावू नका.

जांभळे डाग तांब्याचे. ९२.५ चांदीतलं बाकी ७.५ टक्के बहुतेक तांबंच असतं. तापल्यावर हवेतला प्राणवायू आत शिरतो आणि वरच्या चांदीखाली तांब्याचा गंज धरतो, म्हणून तो पॉलिश केल्यावरच दिसतो. त्यावर उपाय बोरिक पावडर. स्पिरिटमध्ये ती कालवा, दागिना बुडवून बाहेर काढा, बाटली बंद करून लांब ठेवा आणि मगच पेटवा. हिरवी ज्योत येते (पहिल्यांदा मी घाबरून चिमटा टाकला होता) आणि मागे पांढरा पातळ थर राहतो. तो चांदी झाकून ठेवतो. त्यावर सांध्याला टाकणखार लावायचाच.

डाख झाल्यावर दागिना साफ करायला लिंबूफुलाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) गरम पाण्यात सोडा. तुरटीही चालते. तिथे लोखंडी चिमटा घालू नका, बांधायची लोखंडी तारही आधी काढा, नाहीतर पाण्यात उतरलेलं तांबं चांदीवर चढून दागिना गुलाबी होतो.

काम करताना पंखा बंद, खिडकी उघडी. आणि झवेरी बाजारातून डाख आणाल तेव्हा ‘कॅडमियमचा नको’ हे आधी सांगा. तो पळतो छान, पण त्याचा धूर फुफ्फुसाला वाईट, आणि तुम्ही घरात काम करता.