गोळी विसरतो, की लपवतो?

"मॅडम, पोरगा गोळ्या विसरतो. रोज फोन करून करून मी थकले. आता तुम्हीच सांगा त्याला." अपस्माराच्या, म्हणजे फिट्स येणाऱ्या, रुग्णांच्या घरून ही तक्रार मला सारखी ऐकू येते. त्यांपैकीच एका माय-लेकाची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा मराठवाड्यातला, तेवीस वर्षांचा. पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करत होता. सोडियम व्हॅलप्रोएट हे फिट्सवरचं औषध सुरू झाल्यावर गावी असताना त्याच्या फिट्स पूर्ण थांबल्या होत्या. पुण्यात आल्यावर त्या पुन्हा येऊ लागल्या. डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी त्याला समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं, आणि ते फार बरं केलं. औषध कमी पडतंय की पोटातच जात नाही, हे आधी कळायला हवं ना!

आईला थोडा वेळ बाहेर बसवलं. "का विसरतोस?" असं मी कुणालाच विचारत नाही, "लक्षात राहत नाही" एवढंच उत्तर मिळतं. मी विचारलं, "काल रात्रीची गोळी कुठे घेतलीस?"

तो खाली बघत म्हणाला, "खोलीत कुणी नसलं की घेतो."

चार कॉटच्या खोलीत कुणी नसणार तरी कधी? सकाळी सगळे मिळून मेसला, तिथून अभ्यासिकेत, परत यायला रात्रीचा एक. गोळी कधी दुपारी, कधी मध्यरात्री, कधी नाहीच. त्याने सॅकमधून कॅल्शियमच्या गोळ्यांची एक बाटली काढली. स्ट्रिपवरचं नाव वाचून कुणी मोबाइलवर शोधेल, या भीतीने तो सगळ्या गोळ्या त्या बाटलीत काढून ठेवायचा. झाकण उघडलं तर गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या, कडा ओलसर. व्हॅलप्रोएट हवेतली ओल पटकन शोषतं, त्यामुळे गोळी घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायची असते. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"लपवायचं कशासाठी?"

"आईच म्हणाली, कुणाला कळू देऊ नको."

आईला आत बोलावलं. तिने ते लगेच कबूल केलं. "उद्या लग्न जमवायचंय, मॅडम. लोक काय म्हणतील?" तिची काळजी खोटी नव्हती. मी म्हटलं, "ताई, गोळी लपवली की चुकते, चुकली की फिट येते, आणि फिट येते ती चारचौघांतच. मग लपलं काय?" अपस्माराचा अडसर हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच काढून टाकला आहे, हेही तिला सांगितलं. लग्न ठरवताना मात्र समोरच्यांना खरं सांगायचं, याबाबत मी ठाम आहे.

सगळ्या खोलीला सांगायची गरज नव्हती. त्याने स्वतःच एक मित्र निवडला, त्याच्याच तालुक्यातला. पुढच्या वेळी तो सोबत आला, तेव्हा त्याला समजावलं: फिट आली तर कुशीवर वळव, डोक्याखाली काहीतरी मऊ दे, तोंडात काहीही घालू नकोस, कांदा-चप्पल हुंगवत बसू नकोस, घड्याळ बघ. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल.

डॉक्टरांनी दोन वेळच्या गोळ्यांऐवजी रात्री एकदाच घ्यायची, हळूहळू विरघळणारी गोळी दिली. ती न चावता, न तोडता गिळायची. मेसमध्ये जेवण झालं की तिथेच, उघडपणे. एखाद्या दिवशी राहिलीच तर आठवेल तेव्हा घ्यायची. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत. जागरणावर आमची बरीच हुज्जत झाली. अपुरी झोप हे फिट येण्याचं मोठं निमित्त असतं, पण परीक्षेच्या धास्तीत असलेल्या मुलाला ते पटवणं सोपं नाही. शेवटी अकराला अभ्यासिका सोडायचं ठरलं.

डोस वाढवायची वेळ आली नाही. मधे एकदा, गावी यात्रेला गेल्यावर, गोळ्या पुण्यातच राहिल्या आणि फिट आली. तेव्हापासून एक स्ट्रिप गावच्या घरीही असते.

"पण या गोळ्या सुटणार कधी?" हे तो दर भेटीत विचारतो. मी सांगते, निदान दोन वर्षं एकही फिट आली नाही, तर डॉक्टर तपासून विचार करतील, आणि तेव्हाही महिनोनमहिने थोड्या थोड्या कमी करत. मनाने एकदम बंद केल्या तर थांबतच नाही अशी फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. पुढच्या महिन्यात त्याची पूर्वपरीक्षा आहे, आणि केंद्रावर जाताना तोच मित्र सोबत असणार आहे.